चिचेवरची टोपली

मी एक जुनी टोपली आहो, मित्रांनो. बांबूची. माह्या बुडाची मोठी भानगड हाये, ते पुढं सांगतो. आधी हे आयका का माह्या जीवावर दोन शेजाऱ्यायनं पैज लावली, आन मले कोनी एका शब्दानं इचारलं नाई.

दिवस धान कापनीचे होते. एटापल्लीच्या अलीकडं जंगलात आमचं गाव हाये. गावच्या शाळेमागं सिमेंटचं कोर्ट हाये, बास्केटबॉलचं. त्या कोर्टावर किराना दुकानवाले बापूराव आपलं धान वाळू घालून पहारा देत बसले होते. बाजूच्या चिचेखाली दहावीतली सोमारी खेळून राह्यली होती, आन चिचेले मी टांगलेली. सोमारीनं बॉल फेकला. तो माह्या काठाले लागला, टप्पे खात गेला आन बापूरावच्या धानात मधोमध घुसला. बरोबर तिकडंच कसा गेला हे मले इचारू नका. मी टोपली आहो, मले काय समजते. धान उडालं, कोंबड्या जमा झाल्या, बापूराव उठले.

त्यायनं सोमारीले लय सुनावलं. म्हने, हा कोनता खेळ, कबड्डी खेळा, खो-खो खेळा, ज्याले काही सामान लागत नाई ते खेळा. बापूरावच्या घराले घर लागून राहनारी गिरजाबाई तिथीच बसून बांबू चिरून राह्यली होती. साठी उलटलेली बाई, पन जीभ अजून विळ्यासारखी. तिनं मान वर न करता सांगतलं का पोरगी आता राज्याच्या स्पर्धेले चालली, आन साऱ्या राज्याच्या शाळांतून जी एक पोरगी सगळ्यात चांगली खेळते तिचं बक्षीस हेच घेऊन येईन.

"राज्याचं?" बापूराव हासले. "बाई, इथी एटापल्लीची बस टायमावर येत नाई, राज्याचं बक्षीस कुठून येईन?"

"येईन."

"आलं त हे फुटकी टोपली हारासारखी गळ्यात घालून एटापल्लीचा आख्खा बाजार फिरन मी. आन नाई आलं त?"

"नाई आलं त इले तोडून चुलीत घालन. त्या जाळावर साऱ्या मोहल्ल्याले चाहा पाजन."

झाली पैज. हातावर हात बसला. बापूराव हरले त मी त्यायच्या गळ्यात, गिरजाबाई हरली त मी चुलीत. कोनी बी जिकलं तरी माहीच वाट लागनार. मी वर लटकून हे सारं आयकून राह्यली होती आन वाऱ्यानं हालल्यासारखं करून चिचेचा पाला बापूरावच्या टकलावर पाडून राह्यली होती. टोपली बापडी आनखी काय करू शकते?

पन मित्रांनो, चूल माह्या एकटीसाठीच पेटली नव्हती. ज्या पोरीले ते बक्षीस भेटते, तिले शहरातल्या खेळाच्या होस्टेलात जागा भेटते. शिक्षन तिथीच, खेळ तिथीच. सोमारीच्या बापानं, पोचूनं, साफ सांगून ठेवलं होतं का होस्टेल भेटलं त जा, नाई त दहावीनंतर खेळ बंद. त्याचं बी काय चुकलं? आमच्या गावात अकरावी नाई, आन जिथी अकरावी हाये तिथी रिंग नाई. बॉल काय झाडावरच्या माकडाले मारन?

आता माही कहानी मुळापासून सांगतो.

मले गिरजाबाईनंच इनलं. जंगलातून हिरवा बांबू आनला, त्याच्या पातळ पट्ट्या काढल्या आन इनाले बसली. टोपली बुडापासून सुरू होते, हे ध्यानात ठेवा. पहिले बूड, मंग अंग, शेवटी काठ. गिरजाबाई म्हने, बूड चांगलं त टोपली चांगली. मी जवान होती तवा उन्हाळ्यात पहाटे पहाटे तिच्यासंगं मोह वेचाले जाओ. झाडाखाली पिवळेधम्मक फुलं पडून राहे, ते माह्यात भरे, आन घरी येतपर्यंत एक फूल सांडत नसे. शेजारच्या बाया म्हनत, गिरजाबाईची टोपली पानी सोडून सारं धरते. मी फुगून जाओ. एखाद्या बाईनं न इचारता उचललं त बोटाले एक बारीकशी काडी टोचून देओ. सवय हाये माही. अजून गेली नाई.

मंग म्हातारपन आलं. काठ सैल झाला, नवीन टोपल्या आल्या, मी कुडाच्या कोपऱ्यात झाडनीच्या बाजूले. कोंबडीनं माह्यात अंडे घातले, ते बी मी सहन केलं.

तवा संघप्रिया मॅडम आल्या. सावली गावाकडच्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हनून. कालेजात असताना चंद्रपूरले बास्केटबॉल खेळल्या होत्या. स्वतःचा बॉल संगं घेऊन आल्या, पन गावात रिंग नाई. त्या गिरजाबाईकडं गेल्या, म्हने एक जुनी टोपली द्या. गिरजाबाईनं मले काढलं, पुसलं, मोठ्या मानानं देल्लं. मॅडमनं कोयता घेतला आन तिच्याच आंगनात माहं बूड कापून टाकलं.

गिरजाबाईचा चेहरा असा झाला जसं तिच्याच घराचं छप्पर कोनी काढून नेलं.

मले चिचेच्या फांदीले तारेनं बांधलं. पोट्ट्यायनं बॉल टाकला, तो माह्यातून आरपार खाली. सारे नाचले. मले लाज वाटली. जलमभर काही सांडू देल्लं नाई, आन आता सांडलं का टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई बांबूची सिडी घेऊन आली. चिचेले लावली, वर चढली आन चुपचाप माहं बूड इनून टाकलं. शाळा भरली, पोरीयनं बॉल टाकला, बॉल माह्यात बसला तो बसलाच. मॅडमनं समजावून सांगतलं का आजी, बूड नाई पाहिजे, बॉल खाली पडला पाहिजे. गिरजाबाई म्हने हो हो, समजलं. मॅडमनं बूड कापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूड, पहिल्यापेक्षा घट्ट.

"खेळ तुमचा, मॅडम," गिरजाबाई म्हने, "टोपली माही. फुटकी टोपली गावाच्या मधोमध टांगून ठेवली त गाव मले काय म्हनन?"

शेवटी मॅडम थकल्या. मी मातर दोघींच्या मधात पिसून गेली. आज बूड, उद्या भोक, परवा पुन्हा बूड. मित्रांनो, तुमचं डोस्कं कोनी रोज काढून रोज बसवलं त तुमाले कसं वाटन?

मंग बॉल काढाले एक काठी ठेवली. बॉल फसला का खालून काठीनं ढकलाचा. ते काठी बापूरावले दिसली. धान उलटवाले चांगली हाये म्हनून घेऊन गेले, आन वापस देल्ली नाई. बाकीच्या पोरी दुसरी काठी शोधत बसत. सोमारीले दम धरवत नसे. ते खाली उभी राहे, उडी मारे आन खालून बुडाले ठोसा देई.

पहिले तिचा हात पोचत नसे. माहं बूड काठापासून हातभर खाली लोंबते, तरी पोचत नसे. मी वरून मजा पाहो. कधी बॉल थोडा हालवून सोडो, तो बरोबर तिच्या नाकावर पडे. ते नाक चोळे, पुन्हा उडी मारे. सहावीपासून उड्या मारत मारत आठवीत गेली, तवा बोटं लागले. नववीत मूठ लागली. एक दिवस असा ठोसा देल्ला का बॉल बी उडाला आन बूड बी. सोमारी घाबरून गिरजाबाईच्या घरी सांगाले गेली. गिरजाबाईनं पट्ट्या काढल्या. नवीन बूड दुहेरी इनलं.

मंग त दोघींचं सुरूच झालं. हे फोडे, ते इने. ते आनखी घट्ट इने, हे आनखी उंच उडे. बोलनं एका शब्दाचं नाई. मार सारा माह्या बुडाले.

आता कोर्टाची गोष्ट सांगतो, नाई त माहं पोट फुटन. गावात सिमेंटचं कोर्ट आलं, लोखंडी रिंग आली. मले चिचेवरून काढून पुन्हा झाडनीजवळ फेकलं. उद्घाटनाले मांडव पडला. पाहुने नाल्याकडच्या बाजूले बसनार होते, सावली तिकडंच होती. ठेकेदारानं इचार केला का फोटोत रिंग समोरून दिसली पाहिजे. म्हनून त्यानं रिंगचं तोंड मांडवाकडं केलं. फोटो एक नंबर आला. पाहुने गेले, मांडव गेला, मंग पोरी कोर्टावर बॉल घेऊन उभ्या राह्यल्या त समोर फळीची पाठ. रिंग तिकडं, नाल्यावर. बास्केट कराचं असन त नाल्यात उतरून काट्यात उभं राहा लागते.

मॅडमनं लय खटपट केली. फिरवून द्या म्हनाल्या, त वरून सांगतलं का काम पूर्ण झालं, फोटो जमा हाये. गावातल्या लोकायले काही वाईट वाटलं नाई. उलट खुशच झाले. इतकी सपाट, साफ, उन्हाची जागा कोनाकडं होती? उन्हाळ्यात बापूरावचा मोह वाळे, मंग आमचूर, मंग धान, मंग हिरडा. बारा महिने कोर्टावर काही ना काही पसरलेलं, आन काठी हातात घेऊन बापूराव उभे. काठी कोनती, ते सांगाची गरज नाई.

मले पुन्हा चिचेवर चढवलं. कोनी माफी बी मांगतली नाई.

त पैज लागली आन सोमारी मॅडमसंगं राज्याच्या स्पर्धेले गेली, पार सोलापूरकडं. आमच्या विभागाच्या टीमात गडचिरोलीच्या जंगलातली हे एकटीच. मी चिचेवर. रोज सकाळी गिरजाबाई खालून पाही, मी वरून पाहो. ज्या दिवशी गेली त्याच्या आदल्या दिवशी सोमारीनं ठोसा मारून बूड फोडलं होतं, आन पहिल्यांदाच गिरजाबाईनं ते लगेच इनलं नाई. तसंच भोक ठेवलं. काऊन ठेवलं, हे मले समजलं नाई.

गावात बोलनं आयकू येईन अशी रेंज फक्त बापूरावच्या दुकानापुढं येते, बाकी जागी फोन नुसता वाजते. एका दुपारी मॅडमचा फोन तिथीच आला. सेमी-फायनलमंधी टीम हारली. बक्षीस संध्याकाळपर्यंत जाहीर होते, पन ते जिकलेल्या टीमच्या पोरीलेच भेटते असं लोक म्हनून राह्यले. सोमारी कोपऱ्यात बसली हाये, जेवली नाई.

बापूरावनं फोन ठेवला आन दुकानातून साखर, चाहापत्ती, दुधाची पिशवी काढली. मोहल्ल्यात आवाज देल्ला का गिरजाबाईकडं चाहा हाये. लोक आपापले कप घेऊन आले. हे लोक मेल्यावर बी कप घेऊनच येतीन.

गिरजाबाई सिडी घेऊन चिचेकडं आली. मले सोडलं, खाली आनलं, आंगनात ठेवलं. बाजूले कोयता. मी वाळलेला बांबू, मित्रांनो. एका फुंकरीत पेटनार. इतके वर्षं मोह वाहला, इतके वर्षं ठोसे खाल्ले, आन शेवटी काय, त बापूरावच्या चाहाले उकळी.

गिरजाबाईनं मले मांडीवर घेतलं. उलटं करून भोक पाह्यलं. कोयत्याले हात लावला नाई. बाजूच्या पट्ट्या ओढल्या आन बूड इनाले लागली.

बापूराव पाहत राह्यले. "बाई, जाळाचीच हाये ना ते? बूड कायले?"

"फुटकी वस्तू माह्या हातून आजपर्यंत कोनाले देल्ली नाई," गिरजाबाई म्हने. "चुलीले बी नाई."

लोक कप घेऊन खाली बसले. बापूराव म्हने दूध फाटन. गिरजाबाई म्हने फाटू दे. जलमभर मी या बाईच्या इननीवर चिडत आली. त्या दिवशी एकाच गोष्टीची आशा होती का बाई, हळू इन. आनखी एक पट्टी घाल. दुहेरी नको, तिहेरी कर. तिनं बी काही घाई केली नाई. एक पट्टी वाकडी गेली, ते काढून पुन्हा टाकली. जी बाई डोळे मिटून इनते, तिची पट्टी वाकडी गेली. 

ऊन कलंडलं तवा बापूरावच्या खिशातला फोन वाजला. ते उठून दुकानापुढं गेले. आयकलं. वापस आले त तोंडावर काहीच नाई.

"कोन होतं?" गिरजाबाईनं इचारलं.

"राँग नंबर."

फोन पुन्हा वाजला. बापूराव तो न उचलताच दुकानाकडं सटकले. गिरजाबाई मले मांडीवरून खाली ठेवून उठली, त्यायच्या मांगं मांगं दुकानापुढं गेली, हातातून फोन घेतला आन कोनतं बटन दाबाचं ते पोचूले इचारलं. मॅडमचा आवाज साऱ्या मोहल्ल्यानं आयकला. मॅडम रडून राह्यल्या होत्या, त पहिले काही समजेच ना. मंग समजलं. बक्षीस सोमारीले भेटलं. हारलेल्या टीमची पोरगी, पन रिंगवरून सुटलेला एक बी बॉल तिनं दुसऱ्याच्या हाती जाऊ देल्ला नाई. निवडनारे म्हनाले, अशी उडी आमी शाळेच्या पोरीची पाह्यली नाई, हे कुठी शिकली. सोमारीनं सांगतलं, आमच्या टोपलीत बॉल फसते, ठोसा मारा लागते. ते सारे हासले. मंग त्यायनं पुन्हा इचारलं, आन मॅडमनं बी तेच सांगतलं.

पोचू दुकानाच्या पायरीवर बसला. म्हने, मंग पोरगी जाईन आता.  गिरजाबाई वापस येऊन माहं अर्धं राह्यलेलं बूड पूर्ण कराले बसली.

तुमाले वाटत असन, आता टोपलीचे दिवस आले. कायचे दिवस? पेपरवाला आला. बापूरावनं त्याले कोर्टावर नेलं, धान बाजूले लोटलं आन स्वतः रिंगखाली, म्हनजे नाल्यात उतरून, उभे राह्यले. पेपरात छापून आलं का आधुनिक कोर्टाने घडवली राज्याची खेळाडू. फोटोत बापूराव, रिंग, मांगं आभाळ. मी त्या फोटोपासून दहा पावलांवर चिचेले लटकून होती. त्या पेपरचा शेंगदान्याचा पुडा झाला तवा माहा राग थोडा शांत झाला.

सोमारी बक्षीस घेऊन आली. मी जवळून पाह्यलं ते. पिवळं, चकचकीत, दोन कान. टोपलीच हाये, पन बूड कायमचं बंद आन तोंड इतकं लहान का बॉल बी जात नाई. असल्या वस्तूले लोक हात धुऊन हात लावतात. मले कोंबड्या अंडे घालत.

मित्रांनो, तुमच्याकडून मी जास्त काही मांगत नाई. घरात जुनी टोपली असन त कोपऱ्यात फेकू नका. बूड गेलं त बूड बसवा. बसवता येत नसन त ज्याले येते त्याले इचारा, आन तो बसवून राह्यला तवा त्याले थांबवू नका, मॅडमसारखे. आन तुमच्या गावात कोर्ट असन त त्यावर काही वाळू घालाच्या आधी एकडाव बाजूले पाहा, कोनी पोरगी बॉल घेऊन उभी हाये का. आमच्या कोर्टावर अजून धान वाळते. रिंग अजून नाल्याकडं पाहते. मी अजून चिचेवर आहो. राग येते, पन सांगू कोनाले, म्हनून तुमाले सांगून राह्यली.

आता राह्यली पैजेची गोष्ट. बापूरावनं लय बहाने केले. एका बाजाराले पोट दुखलं, एका बाजाराले पाहुने आले. तिसऱ्या बाजाराले पोचू, मॅडम, सोमारी आन गिरजाबाई त्यायच्या दारात उभे. गिरजाबाईच्या काखेत मी. बसनं एटापल्लीले गेलो. मांगं मोहल्लाभर लोक.

बाजारात मिरचीवाल्या बाया, वाळल्या मासोळ्या, कोंबडे, गरम भजे, सारं भरलेलं. बापूरावले तिथी कोन ओळखत नाई? त्यायनं मले हातात घेतलं, फिरवून पाह्यलं आन एकदम खुश झाले.

"पैज गळ्यात घालाची होती," ते साऱ्यायले आयकू जाईन असं म्हनाले. "इले त बूड हाये. डोस्कं आरपार जात नाई, त गळ्यात कशी येईन? पैज कॅन्सल."

लोक एकमेकांकडं पाहाले लागले. काहीयनं मान बी हालवली. बापूराव म्हने, बूड फोडा, मी आत्ता घालतो. गिरजाबाई म्हने, बूड फोडाचं नाई.

सोमारी तवापर्यंत बोलली नव्हती. "मंग उलटी घाला ना भाऊ," ते म्हने. "डोस्क्यावर."

मिरचीवाल्या बाया पहिले हासल्या. मंग सारा बाजार. बापूरावनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं आन मले उचलून डोक्यावर घातलं. मी खोल आहो, मित्रांनो. सरळ खांद्यापर्यंत खाली गेली. आत अंधार, खोबरेल तेलाचा वास, आन बापूरावचा डावा कान बरोबर माह्या सुटलेल्या काडीजवळ. मी टोचलं. किती वर्षांची इच्छा होती.

ते चालाले लागले, त पहिलेच मडक्याच्या दुकानावर जाऊन आदळले. लोक बाजूले झाले. आतून बारीक आवाज आला. "सोमारी, कुठी हाये व तू? मले काही दिसून नाई राह्यलं."

सोमारीनं त्यायचा हात धरला.

"सोडू नको व माय."

नाई सोडला. मिरचीपासून मासोळीपर्यंत, मासोळीपासून भज्यांपर्यंत, आख्खा बाजार तिनं त्यायले फिरवून आनलं. खड्डा आला का खड्डा सांगे, गाय आली का थांबे. मांगून पोचू, गमच्यात बांधलेलं बक्षीस घेऊन. चौकात आल्यावर ते थांबली. हात सोडाच्या आधी, सवयीनं, तिनं माह्या बुडावर मुठीनं एक ठोका देल्ला.

"फुटली का?" बापूरावनं आतून इचारलं.

"नाई भाऊ. आजीनं घट्ट इनली हाये."

आतमंधी बापूराव हासले. तेवढं मीच आयकलं.